थांबामिस्त्री आणि दोन फिके रंग

आमच्या रंगारी मिस्त्रींना सगळे ‘थांबामिस्त्री’ म्हणत. ओल्या भिंतीकडे बघून कुणी मत दिलं की ते म्हणायचे, “थांबा, वाळू द्या.” त्यांच्या हाताखाली मी एकोणीस वर्षं काम केलं.

एकदा एका ठार बहिऱ्या आजींची खोली रंगवायची होती. कान उतारवयात गेलेले. समोरच्याचे ओठ बघून त्या बोलणं ओळखायच्या आणि उत्तर खणखणीत द्यायच्या. जुना रंग खरवडणं, लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, दोन हात, मग पॉलिश पेपर. भिंत गुळगुळीत करायला तीन दिवस लागले. मग त्यांच्या खुर्चीसमोर माणसाएवढे रुंद दोन पट्टे मारले. एक दुधाळ, दुसऱ्यात राखाडीची जरा झाक.

वाळल्यावर आजींचा मुलगा म्हणाला, “दोन्ही पांढरेच की! दुधाळ मारा. खोली उजळ दिसेल.”

“खोली दिसेल हो. तुम्ही दिसाल का?” मिस्त्री म्हणाले.

“म्हणजे?”

“आई तुम्हाला सारख्या खांद्याला धरून खिडकीकडे वळवतात. तीन दिवस बघतोय.”

मुलगा ओशाळला. “हल्ली माझं बोलणं तिला कळतच नाही, मिस्त्री. मी कागदावर लिहूनच देतो.”

मिस्त्री दुधाळ पट्ट्यापुढे उभे राहिले आणि आवाज न काढता काहीतरी बोलले. आजींनी डोळे बारीक केले. “काय? पुन्हा सांग.” मिस्त्री पुन्हा बोलले. आजींनी नुसती मान हलवली. मग ते दोन पावलं सरकून राखाडी पट्ट्यापुढे गेले आणि तेच बोलले.

“मेल्या, माझा मुलगा चिक्कू?” आजी उसळल्या. “तीनदा चहा पाजला त्याने तुला!”

मी आजींच्या खुर्चीमागे जाऊन पाहिलं. मिस्त्रींना पुन्हा इकडून तिकडे उभं केलं. दुधाळ पट्ट्यापुढे मागच्या चकाकीने त्यांचं तोंड काळवंडलेलं. राखाडीपुढे दाढीचा खुंट न् खुंट वेगळा. इतकी वर्षं मी भिंतच बघत होतो. हा माणूस भिंतीपुढे कोण उभं राहणार ते बघत होता.

मुलगा हळूच राखाडी पट्ट्यापुढे गेला. ओठ हलले.

“रागावले नव्हते रे,” आजी म्हणाल्या. “तूच बोलायचा थांबलास.”

त्या दिवशी पुढे काम झालं नाही. मुलगा भिंतीपुढून हलेल तर ना!