फळ्यांवरची नावं

सुतारकाकांची एक खोड होती. चांगलं लाकूड मिळालं की त्यावर पेन्सिलीने ते काय होणार ते लिहायचं आणि मग दुसऱ्या कामाला त्याला हात लावायचा नाही. भिंतीशी अशा चार थप्प्या वर्षानुवर्षं उभ्या होत्या: पाळणा, होडी, आरामखुर्ची, व्हायोलिन.

आता उजव्या हाताला कंप सुटला होता. बारीक काम फार तर वर्षभर जमेल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून काकांचा पाय एका जागी ठरत नव्हता. एक फळी उचलायची, ठेवायची, दुसरी उचलायची.

"अहो, नात शाळेत जाते," काकू दारातून म्हणाल्या. "पाळण्यात आता मला झोपवणार का?"

"होडी तरी करतो."

"पोहता येतं का?"

काकांनी रंधा घेतला आणि पाळण्याचं नाव तासून काढलं. मग होडीचं. आरामखुर्चीपाशी हात अडखळला. पण खुर्ची काय, कुणीही करील. तीही गेली. व्हायोलिनची फळी त्यांनी बाकावर आडवी घातली.

"आणि वाजवणार कोण?"

"ते माझं काम नाही," काका म्हणाले. करवत रेघेवर टेकवायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला.