बायचा भरलेला डबा

टेम्पो सकाळीच दारात लागला होता, पण आयने तो सोडला दुपारी. ड्रायव्हर माझ्या गोदामातला ओळखीचा, त्याला लवकर भिवंडीत परतायचं होतं. सामान चढलं, दोरी बांधून झाली, आणि आय ओट्यावर येऊन त्याला म्हणाली, "जेवल्याबिगर कसा जाशील? ये, बस." तो म्हणाला, मावशी, भूक नाही. आय म्हणाली, "भूक न्हाय त दोन घास खा." त्या गड्याने चार पानग्या खाल्ल्या आणि पाचवी कागदात बांधून घेतली. तांदळाच्या पिठात काकडी नि गूळ घालून, केळीच्या पानांत थापून तव्यावर भाजलेली आयची पानगी ज्याने खाल्लीय त्याला मी आणखी काय सांगू? तुम्ही आळीतले सगळे आपापल्या ओट्यांवर उभे होतात, जसे काही आम्ही दुबईला निघालो होतो. गणेशपुरीजवळच्या आपल्या गावापासून भिवंडीतलं टेमघर म्हणजे तासाभराचा रस्ता.

आपल्याकडे हे असंच. दार उघडं टाकून जेवायचं, आणि ताट समोर असताना आळीतून कुणीही गेलं, ओळखीचं असो नसो, म्हणायचं, "या जेवायला." जाणारा म्हणतो, "बसा बसा, चालू द्या," आणि पुढे जातो. एखादा बसतोही. विचारल्याशिवाय घास तोंडात घालणं म्हणजे आयच्या मते चोरी. माझी पोर तन्वी, आय तिला बाय म्हणते, आयच्याच मांडीवर वाढली. माझी गोदामात शिफ्ट, आणि सारिका, म्हणजे माझी बायको, भिवंडीतल्या हॉस्पिटलात नर्स, तिची सकाळची ड्युटी. पोर बोलायला लागली तेव्हा पप्पा-मम्मीच्या आधी 'या जेवायला' म्हणाली, असं आय सांगते. मला ते खोटं वाटतं, पण तिच्याशी वाद कोण घालणार.

भिवंडीला जायचं ठरलं ते बायच्या शाळेसाठी आणि त्या रस्त्यासाठी. तासाचा रस्ता खड्ड्यांनी दोन तासांचा केला होता, आणि सारिकाची अर्धी झोप एस्टीत व्हायची. आयला आम्ही चल म्हटलं होतं. "आनि भात कोन बघल, तुझा गोदाम?" असं म्हणून तिने विषय संपवला. बाबा जाऊन बरीच वर्षं झालीत. म्हणजे घरात ती एकटी राहणार, हे सगळ्यांना कळत होतं.

निघताना ती रडली नाही. पिठाचा डबा आणि मिक्सर यांच्यामध्ये तिने केळीच्या पानांची गुंडाळी खोचली आणि मला म्हणाली, "दिवाळीपत्तुर बघते. पोर तिथं जेवली न्हाय, वाळली, त मी येऊन तिला नेन. मंग मना आडवायचा न्हाय."

मी म्हटलं, बरं.

टेम्पो गावाबाहेर पडल्यावर सारिका माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "बरं काय म्हणालात? पोर काय उसनी आणलीय?" आयला नाही म्हणायची मला सवय नाही, आणि पोर न जेवायला काय झालं, असंही मला वाटलं होतं.

टेमघरला आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या गाळ्यात कापडाचे लूम, दिवसभर खटाखट. पहिल्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तर बायने आपणहून दार उघडलं आणि उंबऱ्याशी ताट घेऊन बसली. जिन्यातून कुणी पाण्याचा जार खांद्यावर घेऊन वर चढत होता. ही त्याला म्हणाली, "या जेवायला." तो जार सावरत म्हणाला, "क्या बोला, बेटा?" मला लाज वाटली. कसली ते आता सांगता येत नाही. मी दार लावलं आणि म्हटलं, "बाय, इथे दार लावून जेवतात."

शाळा सुरू झाली तेव्हा पालकांच्या मीटिंगमध्ये बाईंनी सांगितलं की डबा कुणी कुणाला द्यायचा नाही, कुणाचा घ्यायचा नाही. आदल्या वर्षी एका मुलाला दुसऱ्याच्या डब्यातलं काही खाऊन अंगावर गांधी उठल्या होत्या. रास्त गोष्ट आहे. मी घरी येऊन बायला बजावून सांगितलं, डबा कुणाला द्यायचा नाही. तिने मान हलवली. फार आज्ञाधारक पोर.

आणि डबा भरलेला परत यायला लागला.

सारिका पहाटेच जाते, माझी शिफ्ट दुपारी उशिरा सुरू होते, त्यामुळे डब्याचं खातं माझ्याकडे आलं. मला चहापलीकडे काही येत नव्हतं. पहिले दिवस पोळी-भाजी सारिका करून ठेवायची, ती परत आली. मी ब्रेड-जॅम दिला, परत. रुखसाना भाभी आमच्या दारासमोरच्या खोलीत राहतात. त्यांची झोया बायच्याच वर्गात, बायच्याच बाकावर, म्हणून दोघींना शाळेत ने-आण त्या करतात. त्या म्हणाल्या, "भैया, बच्चों को कुरकुरा चाहिए. पोळी कौन खाएगा?" कुरकुरीत म्हणजे तळण, आणि गरम तेलाची कढई बघितली की मला गोदामातली फोर्कलिफ्ट बरी वाटते.

तेवढ्यात गोदामात खोका दबलेला माल स्टाफला स्वस्तात निघाला. त्यात एक एअर फ्रायर होता, तेलाच्या कढईशिवाय कुरकुरीत करणारा. आतलं यंत्र ठणठणीत, फक्त खोक्याचा एक कोपरा बसलेला. मी तो कडेवर घेऊन घरी आलो. सारिका म्हणाली, "ह्यात काय शिजतं?" मी म्हटलं, हवा. तिला हसू आलं नाही.

पण मी शिकलो. कांदाभजीचं पातळ पीठ जाळीतून खाली गळून तिथेच त्याची खरड झाली, तेव्हा कळलं की ओलं पीठ ह्याला चालत नाही. सुरणाचे काप रव्यात घोळवून, वर बोटाने तेल लावून एकशे ऐंशीवर ठेवले, मध्ये एकदा टोपली हलवली, तर असे झाले की मी उभ्या उभ्या निम्मे खाल्ले. रात्रीच्या भाकरीच्या पट्ट्या कापून, तेल-तिखट लावून टाकल्या, त्या पापडासारख्या मोडायला लागल्या. कोथिंबीरवडी, इडलीचे तुकडे, पनीर, सगळं झालं. गरम असताना झाकण लावलं की वाफेने सगळं मऊ पडतं, निववून मग भरायचं, हेही मी दोनदा फसून शिकलो. गोदामात मला 'मास्टरशेफ' म्हणायला लागले. मी सकाळी दहा मिनिटांत डबा करायचो, आणि दुपारी दारात बायच्या हातातून डबा घेऊन उघडायचो तर सगळं जसंच्या तसं. चव नाही आवडली का, विचारलं तर म्हणायची, "छान आहे, पप्पा." रागवावं तर कशावर?

आणि पोर खरंच वाळत होती. सकाळी नुसतं दूध पिऊन जायची, घरी येऊन चार घास खायची. एकदा पीटीच्या तासाला तिला चक्कर आली. शाळेतून फोन आला सारिकाला. ती हॉस्पिटलात दुसऱ्यांच्या पोरांना सलाइन लावत होती, ती स्वतःच्या पोरीसाठी धावत आली. त्या दुपारी आयचा रोजचा फोन आला, "बाय जेवली का?" आणि माझ्याआधी बायनेच फोन घेऊन सांगून टाकलं, "आजी, मी पडले." आयने तिला फोन माझ्याकडे द्यायला लावला. मग मला म्हणाली, "तिची कापडं धुऊन ठेव. दिवाळीला येते." सारिकाने ते ऐकलं आणि ती आत जाऊन भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती.

मग मला वाटलं, पोरीला आजीचंच काही हवं असेल. गावाहून येणाऱ्या एस्टीच्या कंडक्टरकडे आयने केळीची पानं पाठवली होती. मी फोनवर विचारून पीठ भिजवलं, पानावर थापलं, वरून दुसरं पान ठेवलं आणि टोपली आत सरकवली. आता तव्यावर पानगीचं पान आपल्या जागी गप बसतं. ह्याच्या पोटात पंखा आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वरचं पान उडालं आणि थेट तापलेल्या कॉइलला जाऊन चिकटलं. फटफट आवाज, मग करपल्याचा वास, मग धूर. मी प्लग ओढला, दार सताड उघडलं आणि टॉवेलने धूर बाहेर हाकत बसलो. भाभी दोघी पोरींना घेऊन जिन्याने वर येतच होत्या. "या अल्लाह, भैया, क्या जलाया?" म्हणत त्या आत शिरल्या आणि माझ्या हातातून टॉवेल घेतला. पोरींना म्हणाल्या, बाहेरच बसा.

त्या दिवशी पहिल्यांदा मी दारात डबा घेतला नाही.

धूर विरल्यावर बाहेर बघतो तर दोघी जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. मधे डबा उघडा. बाय झोयाला म्हणत होती, "ये जेवायला." आणि झोया हात घालत होती. सकाळच्या भाकरीच्या पट्ट्या, एव्हाना चामड्यासारख्या झालेल्या, दोघींनी बघता बघता संपवल्या. शेवटी बायने डब्याच्या कोपऱ्यातलं तिखट बोटाने चाटलं. तिला एवढी भूक असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी शेजारी बसलो. म्हटलं, "शाळेत का नाही खाल्लंस?"

"तूच बोललास ना, डबा कुणाला द्यायचा नाही."

"मग तू खायचा ना."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू बापाला एवढंही कळत नाही. "न विचारता कसं खाणार? आणि विचारलं, आणि कोण हो बोललं तर?"

तेव्हा मला उमगलं. आजीने सांगितलेलं मोडायचं नाही, बापाने सांगितलेलं मोडायचं नाही, म्हणून एवढीशी पोर रोज डबा समोर ठेवून, झाकण न उघडता सुट्टी संपायची वाट बघत होती. मला इतकं भरून आलं की मी भाभींनी उंबऱ्यावर टाकलेल्या टॉवेलने तोंड पुसलं, आणि त्याची काजळी गालाला लागली. दोघी हसल्या.

भाभींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बस, इतनी सी बात? हमारे गाँव में भी पूछे बिना कौन खाता है, भैया." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शाळेत गेलो. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दोन्ही घरांची तयारी असेल तर बाकावरच्या दोघींनी एकमेकींचं खायला हरकत नाही. तेव्हापासून दुपारी मी शिफ्टला निघण्याआधी दोन दारांमध्ये उद्याच्या डब्याची मसलत होते. त्यांनी आमच्या यंत्रात आलूची टिक्की करून बघितली, आता आठवड्यातले निम्मे दिवस ते त्यांच्याच स्वयंपाकाच्या ओट्यावर असतं. पानगीचंही जमलं. पान पुडीसारखं दुमडून घ्यायचं, काडी टोचायची आणि वर स्टीलची जाळी उपडी ठेवायची. डबा रिकामा यायला लागला. पहिला रिकामा डबा सारिकाने धुतलाच नाही, तसाच हातात घेऊन बघत राहिली.

आयला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "डोल्यानी बघते." दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी ती आली, एका हातात पानांची गुंडाळी, दुसऱ्या हातात मोठी कापडी पिशवी, रिकामी. पिशवी कशाला आणलीय ते आम्हा सगळ्यांना कळलं.

दुपार होती. आमचं दार आता जेवताना उघडंच असतं. बाय आणि झोया उंबऱ्याशी ताटं घेऊन बसल्या होत्या, ताटात पानगी. आय जिना चढून वर आली, दम खात उभी राहिली. बायने वर बघितलं आणि जागची न हलता म्हणाली, "आजी, ये जेवायला."

आयने आयुष्यभर हे दुसऱ्यांना म्हटलं. तिला तिच्या माणसांपैकी असं कुणी म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. ती तिथेच उंबऱ्याच्या बाहेर खाली बसली, चप्पलसुद्धा न काढता. बायने आपल्या ताटातली अर्धी पानगी मोडून तिच्या हातावर ठेवली. आयने एक घास खाल्ला आणि ती रडायला लागली. निघताना रडली नव्हती ते सगळं तिथे रडली.

"मी पन जेवत न्हाय रं धड," ती म्हणाली. "दुपारची ताट घेऊन वट्यावर बसते. कोन जातच न्हाय आळीतना. समदे ड्युटीला. इचारू कुनाला?"

सारिकाने तिच्या पायातल्या चपला काढल्या, हाताला धरून आत नेलं आणि पाणी दिलं. रिकामी पिशवी तिनेच घडी करून फळीवर ठेवली. दिवाळीभर आय राहिली. एअर फ्रायरपुढे पाट टाकून बसायची, आणि पानगी आत असताना सवयीने त्याच्या डोक्यावर हात दाबून धरायची. भात झोडायला आला तशी निघाली. पोरीला नेऊ का, असं तिने विचारलं नाही. दर शनिवारी शाळा सुटली की आम्ही बायला गावी न्यायचं आणि रविवारी परत यायचं, एवढं सारिकाने आपणहून कबूल केलं.

एस्टीत मी तिला खिडकीशी बसवलं. पिशवीत बायने भरून दिलेला डबा होता. गाडी सुटायच्या आधीच आयने तो उघडला, आणि घास घेण्याआधी शेजारच्या बाईकडे वळून काहीतरी म्हणाली. काचेतून मला ऐकू आलं नाही, पण काय म्हणाली ते मला माहीत आहे. त्या बाईने हात पुढे केला.

म्हणून हे तुम्हाला लिहितो, आळीत राहिलेल्यांना. दुपारी घरी असाल त्यांनी आमच्या ओट्यावरून एक चक्कर मारा, आयची जेवायची वेळ तुम्हाला ठाऊक आहे. आणि जे माझ्यासारखे भिवंडीत येऊन दार लावून जेवताहेत, त्यांना पत्ता सांगतो. टेमघर, लूमच्या गाळ्यासमोर, तिसरा मजला. एक वाजता दार उघडं असतं. उंबऱ्याशी दोन पोरी बसलेल्या दिसतील, त्या विचारतील. हो म्हणा.