पाणवठा नावाचं हॉटेल

कळमनुरीच्या बाजारातून जीप सुटली. "तळ्यावर काहून चालले?" ड्रायव्हरने विचारलं.

"रानबदकं पाहायला."

"मंग पाणवठ्यापाशी उतरा."

मी खूश झालो. पंच्याण्णव-शहाण्णव साली मी याच तळ्यावर यायचो. काठावर बाभळीची सावली होती आणि गावच्या गुरामेंढरांचा पाणवठा. दहा वर्षांनीही लोकांनी ती खूण जपलीय, असं वाटलं.

उतरलो, तर 'पाणवठा' हे हॉटेलचं नाव निघालं. खाली रंगवलेलं, 'निसर्गाच्या कुशीत'. बाभळी तोडून लॉन केलेलं, काठाने तारेचं कुंपण, आणि गच्चीवरचा कर्णा भर दुपारी गाणी ओकत होता. तळ्यावर एक बदक दिसेना. ज्यांच्यासाठी लोक यायचे त्यांनाच पिटाळून यांनी खोल्या बांधल्या होत्या. माझं डोकं तडकलं.

फाटकाबाहेर कौसाबाई नावाच्या धनगर बाई मेंढरं घेऊन उन्हात उभ्या होत्या. मेंढरं धापा टाकत होती.

"मावशी, आत सोडत नाहीत?"

"संध्याकाळी या म्हनतेत. पाव्हने झोपून उठले की फोटू काढतेत, तवा पाजू देतेत. मेंढराला तहान दुपारी लागती, भाऊ. काल एक गाभण मेंढी हितंच बसली, ती उठलीच न्हाई."

मी तडक मॅनेजरला गाठलं.

"सर, लेंड्या पडतात," तो शांतपणे म्हणाला. "पर्यावरण खराब होतं."

त्याच्या पाठीमागे स्वयंपाकघराचं सांडपाणी पाइपातून सरळ तळ्यात पडत होतं. मी बोट दाखवलं. त्याने मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत. तोंडाला येईल ते बोलून मी बाहेर आलो.

"त्या पाटीवर काय लिवलंय?" कौसाबाईंनी विचारलं.

"पाणवठा."

"व्हय? मंग आमी बराबरच आलो की."

तेवढ्यात एक मोटार आली आणि वॉचमनने फाटक उघडलं. मोटारीमागोमाग कौसाबाईंनी मेंढरं आत घातली. लॉन तुडवत ती कुंपणाशी भिडली. मी धावत जाऊन तिथल्या छोट्या फाटकाची कडी काढली. मॅनेजर ओरडत राहिला, पाहुणे कॅमेरे घेऊन धावले. मेंढरांनी मात्र पाण्यातून तोंड वर काढलं नाही.

मला अर्थातच हाकललं. उपाशीपोटी कळमनुरीला परतलो, तरी राग उतरला नव्हता. उद्या फाटक पुन्हा बंद असणार हे दिसतच होतं.

घरी शेजाऱ्यांनी विचारलं, हॉटेल कसं आहे? म्हटलं, एकदाच नावाला जागलं, तेही फाटक उघडं राहिलं म्हणून.