दगडातली शेवंती

तेलीबाग मोहल्ल्यात दगड कापणाऱ्याच्या दुकानात मी बाबांच्या नावाची पाटी घ्यायला गेले होते. तिथे एक वयस्क बाई पदराने काळा दगड पुसत होत्या. त्यावर पांढरी शेवंती होती, रंगवलेली नव्हे. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या चिखलात वाढलेल्या स्फटिकांची. बाईंच्या नवऱ्याने ती जपानहून आणली होती, दीर्घायुष्याची खूण म्हणून. आता नवरा नव्हता आणि दोन्ही मुलींना हाच दगड हवा होता. म्हणून तो जाडीतून कापून त्याचे दोन पातळ तुकडे करायचे होते.

"फूल ऊपर-ऊपर ही हुआ, तो दूसरी को कोरा पत्थर मिलेगा, अम्मा," कारागीर म्हणाला.

"काटिए."

करवत ओरडू लागली. बाईंनी माझं मनगट पकडलं. मला ते सोडवून घेता येईना.

दगड उघडला. आतही शेवंती होती, पण लहान.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही तुकडे वर्तमानपत्रात सारखेच गुंडाळले आणि पाठीमागे नेऊन अदलाबदल केली.

"बिटिया, बड़ी बेटी के लिए एक उठाओ."

"मैं क्यों, आंटी?"

"ताकि कोई यह न कहे कि अम्मा ने चुना."

मी एक उचलला. त्यांनी त्यावर पेनाने खूण केली. कागद मात्र उघडला नाही.