भिंतीवरचा समुद्र

बाबा माणदेशातले. बोईसरला कारखान्यात लागले आणि लग्नानंतर आईला घेऊन इथल्या चाळीत राहायला आले. आम्हा दोघा भावंडांना ते एक गोष्ट सांगायचे, स्वतःच रचलेली. एका गावाभोवती उंच भिंत होती आणि भिंतीवर समुद्र रंगवलेला होता. गावातली माणसं रोज संध्याकाळी त्याच्यासमोर जाऊन बसायची आणि छान वारा सुटलाय म्हणायची. एकदा कुणीतरी विचारलं, ही होडी किनाऱ्याला का लागत नाही? लोकांनी त्याला वेड्यात काढलं.

इथे थांबून बाबा विचारायचे, तुम्ही काय केलं असतं? भाऊ म्हणायचा, भिंत पाडली असती. मी म्हणायचे, शिडी लावून पलीकडे बघितलं असतं. बाबा खूश व्हायचे. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, आपण बघायचं, असं बजावायचे. आई तिथेच भाकऱ्या थापत असायची. तिला आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.

बाबा आता नाहीत. मध्यंतरी मी तीच गोष्ट माझ्या लेकीला सांगत होते. आई शेजारी वालाच्या शेंगा सोलत होती. लेक तिच्याकडे वळली आणि म्हणाली, आजी, तू काय केलं असतंस?

आईचे हात थांबले. "मी जाऊन आले होते," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं सांगितलं. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिने समुद्र पाहिलेला नव्हता. बाबा म्हणायचे, रविवारी दाखवतो, आणि रविवारी ओव्हरटाइम निघायचा. चाळीतल्या बायका सांगायच्या, बाईमाणसाने एकटीने तिकडे जाऊ नये, कोळीवाड्यात परक्या बाईला कुणी उभं करत नाही. खरंच तसं आहे का, हे बघायला ती एका दुपारी एसटीत बसली आणि चिंचणीला उतरली. किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या एका बाईने तिला प्यायला पाणी दिलं. "बस जरा, ऊन हाय," म्हणाली. बाबा कामावरून यायच्या आत आई घरी परतली होती.

पुढे बाबांनी आम्हा सगळ्यांना चिंचणीला नेलं, तो दिवस मला आठवतो. ते हात लांब करून आईला समुद्र दाखवत होते आणि ती "केवढा हो" म्हणत होती. मला तेव्हा तिची कीव आली होती.

बाबांना का सांगितलं नाहीस, मी विचारलं.

"आधी भीती वाटली. मग त्यांचा आनंद मोडवेना." थोड्या वेळाने म्हणाली, "सांगायला पाहिजे होतं गं. रागावले असते घटकाभर. पण मग विचारलं असतं, काय काय बघितलंस."

संध्याकाळी मी भावाला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, बाबांनी हे ऐकायला हवं होतं.