सेननच्या डोक्यावरची पहार

उन्हाळा आला की डीलिया टाल्टीला शिसारी यायची. उन्हाची नव्हे, उन्हाळ्यात येणाऱ्या पाव्हण्यांची. बोस्टनहून, मेलबर्नहून टपकायचे, काखेत वंशावळीच्या सुरळ्या, आणि भलत्याच्याच गोठ्यासमोर उभं राहून गळे काढायचे. एकाने तर शेजारच्या कुलिगनच्या उकिरड्यातली माती पणजोबांची म्हणून डबीत भरून नेली.

"नेऊ दे बापड्याला," डीलिया म्हणाली, "तेवढाच उकिरडा तरी स्वच्छ झाला."

डीलिया आयर्लंडमधल्या ह्या किलफर्नन गावचीच. उभा जन्म शाळेच्या फरश्या पुसल्या, लग्न केलं नाही आणि जीभ कधी आवरली नाही. जीव अडकला होता तो फक्त चर्चमागच्या कबरस्तानातल्या एका ओबडधोबड दगडात. त्याच्यावर अक्षर नव्हतं. लहानपणी दर नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या महिन्यात, वडील तिला तिथे न्यायचे आणि खाली कोण कोण निजलंय ते तिच्याकडून म्हणून घ्यायचे. शेवटचं नाव सेननचं. बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला त्या साली भाडं थकलं म्हणून जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या माणसांनी पहारी घालून टाल्टींचं छप्पर खाली ओढलं, आणि पंधरा वर्षांचा सेनन तापात फणफणत रस्त्याकडेच्या चरात, आईच्या मांडीवर गेला. त्याच्या शेजारी आपल्याला पुरावं, एवढंच डीलियाचं मागणं होतं.

त्या वर्षी ती गुडघ्याचं ऑपरेशन करून लिमरिकहून परत आली, काठी टेकत कबरीवर गेली आणि जागीच थबकली. जुना दगड भिंतीला टेकवून ठेवलेला. त्याच्या जागी आरशासारखा काळा ग्रॅनाइट. वर सोनेरी अक्षरं: 'सेनन टाल्टी. भुकेने देशोधडीला लागला, ऑस्ट्रेलियात बेंडिगोला घर वसवलं.' आणि अक्षरांच्या डोक्यावर, तीही सोनेरी, चक्क एक पहार.

ती तडक फादर लॅनिगनच्या घरात शिरली. फादर एका परक्या बाईबरोबर चहा घेत होते.

"फादर, माझ्या माणसांच्या छातीवर हे काय उभं केलंत?"

"अगं, बस तरी! ह्या लॉरेनबाई, ऑस्ट्रेलियाहून आल्यात. तुझ्याच भाऊबंद निघाल्या. चर्चच्या नव्या छपराचा खर्च उचललाय त्यांनी."

"छपराचा?" डीलियाला हसावं की ओकावं कळेना.

लॉरेनने तिला मिठीच मारली. अत्तराचा भपकारा आला. "दहा वर्षं शोधत होते हो मी! बाप्तिस्म्याच्या वहीत सेनन सापडला. मरणाची नोंद कुठेच नाही. म्हणजे तो वाचला!"

"अहो बाई, इथे मरण कुणाचंच लिहिलेलं नाही. बाप्तिस्मे लिहायचे, लग्नं लिहायचे. भुकेने मेलेल्यांचं कोण लिहीत बसतंय? आमचा सेनन पंधराव्या वर्षी मेला. तुम्ही परस्पर त्याचं लग्न उरकलंत, वर मांडीवर पोरंही दिलीत!"

लॉरेनचा चेहरा उतरला. "मग आमचा सेनन कोण?"

"इथे दर तिसरा पोरगा सेनन. आधी मला सांगा, ती पहार कशाला कोरलीत?"

"ती आमच्याकडे दिवाणखान्यात टांगलीय," लॉरेन जरा खुलली. "त्याने इथून नेलेली. कष्टाची खूण! पाच पिढ्या आम्ही ती तेल लावून पुसतोय."

फादरनी कप खाली ठेवला. ते पलीकडच्या गावचे, पण पहारीचा अर्थ तिथेही पोराटोरांना ठाऊक होता.

"त्या साली इथे पहारीला एकच काम होतं," डीलिया म्हणाली. "नदीपलीकडचा एक सेनन टाल्टी कारभाऱ्याने मजुरीवर आणला होता. आमचंच आडनाव, आणि आमचंच छप्पर त्याने ओढलं. पुढे लोक त्याच्या सावलीवरही थुंकायला लागले, तेव्हा कारभाऱ्यानेच तिकीट काढून त्याला बोटीत बसवला. आमच्या घरात त्याचं नाव घेत नाहीत. पहारवाला म्हणतात."

"फादर, हे खोटंय ना?" लॉरेनने विचारलं.

फादर बशीतला चमचा इकडचा तिकडे करत राहिले. "डीलिया, छपराचं काम अर्ध्यावर आलंय गं," एवढंच पुटपुटले.

डीलियाला त्यांची किळस आली. त्या अत्तराची आली. आणि बाईच्या डोळ्यांत पाणी बघून क्षणभर 'जाऊ दे' म्हणावंसं वाटलं, तेव्हा स्वतःचीही आली.

लॉरेन उठली. तिघंही कबरीपाशी आली. लॉरेनने त्या सोनेरी अक्षरांवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"मी काढायला लावते. आजच्या आज," ती म्हणाली. "पण एवढं धूड हलवायचं कशाने?"

डीलियाने खाली वाकून आपल्या जुन्या दगडावरची धूळ एप्रनच्या टोकाने पुसली.

"घरी टांगलीय ना ती पहार? मागवून घ्या," ती म्हणाली. "टाल्टींच्या डोक्यावरचं उखडायची तिला सवय आहे."