आधी एक चांगलं

कंपन्यांची नावं मी घेणार नाही. घेतली की अर्धे वाचणारे इथंच बाह्या सरसावतील आणि ज्या माणसाबद्दल सांगायचंय तो राहील बाजूला. एवढंच समजा, की टीव्हीला जोडून गेम खेळायचे दोन डबे होते. एकाचा दिवा निळा लागायचा, दुसऱ्याचा पिवळा. निळा घेणारे ते निळे, पिवळा घेणारे आम्ही पिवळे. आणि आमच्यात जी भांडणं व्हायची ना, ती बघायला सख्ख्या जावांनी शिकवणी लावावी.

मी पिवळी. माझं इस्त्रीचं दुकान आहे. दिवसभर वाफेत उभी असते, तोंडही तसंच, म्हणून आमच्या खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर मला सगळे 'कुकर' म्हणतात. शिट्टी कधी होईल नेम नाही. चाळिशी उलटलेली बाई डबा लावून फुटबॉल खेळते म्हणून आई अजून कपाळाला हात लावते. लावू दे.

सांगायचंय ते कवळीकाकांबद्दल. ते निळे. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ते कवळ्या बनवायचे. सतराव्या वर्षी प्लास्टर कालवायला म्हणून त्या खोलीत शिरले, ते तिथलेच झाले. लग्न नाही, आई होती तोवर आई, नंतर एकटेच. खोलीत एक लांब टेबल, त्यावर लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. छोटा स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, आणि नखाएवढ्या पात्याची सुरी. मेण गरम करून त्यात एकेक दात बसवायचा, जरा तिरका करायचा, पुन्हा बघायचा. नवी कवळी बसवून कुणी पहिल्यांदा आरशात हसलं, की काका मागच्या दारातून हळूच डोकावायचे आणि काही न बोलता परत जायचे.

निळा डबा त्यांनी का घेतला? तर दुकानात त्या दिवशी पिवळा संपला होता. बस्स. मी म्हटलं, "काका, आणि त्यासाठी तुम्ही इतकी वर्षं आमच्याशी भांडताय?" तर म्हणाले, "निष्ठा नंतर चिकटली गं. चिकटली की मग निघत नाही."

दर रविवारी दुपारी दवाखाना बंद असायचा आणि डॉक्टरीणबाई आम्हाला बाहेरची खोली द्यायच्या, जिथं पेशंट गाल धरून बसतात ती. भिंतीवरच्या टीव्हीला, ज्यावर एरवी दात घासायची जाहिरात चालू असायची, निळा डबा लागायचा. समोरच्या भिंतीशी स्टुलावर माझा जुना टीव्ही, त्याला पिवळा. फुटबॉलचा तो गेम दोन्ही डब्यांवर चालायचा, त्यामुळे निळा विरुद्ध पिवळा असा सामना लावता यायचा. खेळणारे दोघं एकमेकांकडे पाठ करून बसायचे. शेवटचा सामना नेहमी काकांचा आणि माझा. नऊ वर्षं त्या माणसाच्या पाठीला पाठ लावून मी खेळले.

आमचा ग्रुप काकांनीच सुरू केला होता. दुसऱ्याच वर्षी दोन बाप्ये एका नव्या गेमच्या जाहिरातीवरून हातघाईवर आले. ती जाहिरात आधी निळ्यांना दाखवली का पिवळ्यांना, यावरून! ढकलाढकलीत एक जण मागच्या खोलीत जाऊन पडला आणि टेबलावरचा साचा फुटला. ज्या आजोबांचा तो साचा होता ते आणखी दहा दिवस दातांवाचून राहिले. काकांनी आवाज चढवला नाही. तुकडे गोळा केले आणि संध्याकाळी ग्रुपवर नियम टाकला: समोरच्याच्या डब्याला किंवा माणसाला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा, पण आधी त्याच्याबद्दल एक चांगलं लिहा. आणि ते खरं असलं पाहिजे.

लोक काय, बिलंदर. एकानं लिहिलं, "पिवळ्या डब्याचं खोकं मजबूत आहे. आतलं मशीन भंगार." आम्हाला वाटलं आता काका चिडतील. काकांनी लिहिलं, "खोकं खरंच मजबूत आहे. पुढे बोला." पण हळूहळू काय झालं, चांगलं शोधायचं म्हणून लोक समोरच्याचा डबा नीट बघायला लागले. भांडणं थांबली नाहीत, पण भांडल्यावर लोक एकत्र चहा प्यायला जायला लागले.

त्या नऊ वर्षांत मी काकांना मोजून चार वेळा हरवलं होतं. आणि मग एका रविवारी मी सात गोल मारले. सात! त्यांचा एकही नाही. मला तर आकाश ठेंगणं झालं. त्यांचे खेळाडू वेड्यासारखे भलतीकडेच पळत होते, चेंडू द्यायचा तिथं अंगावर घेत होते. सामना संपल्यावर काका वळून "छान खेळलीस" म्हणाले आणि लगेच वायरी गुंडाळायला लागले. पण माझी शिट्टी व्हायचीच होती. घरी पोचायच्या आत मी ग्रुपवर लिहिलं:

"कवळीकाका, आता हातांचीही कवळी करून घ्या."

आधी एक चांगलं वगैरे काही नाही. दीडशे जण हसले. पिवळ्यांनी ते वाक्य उचलून धरलं, निळे माझ्यावर तुटून पडले, हिला हाकला म्हणाले. अशी वाक्यं काका एरवी पाच मिनिटांत काढून टाकायचे. या वेळी त्यांनी एवढंच लिहिलं, "माझ्याबद्दलचं मी काढत नाही. सगळ्यांनी शांत राहा." मला वाटलं, चला, काकांनाही गंमत वाटली. शिव्या वाचवेनात म्हणून त्या वाक्याखाली कोण काय लिहितं त्याच्या सूचना मी फोनवर बंद करून टाकल्या.

गुरुवारी आईची कवळी टोचते म्हणून तिला घेऊन दवाखान्यात गेले. आईला खुर्चीत बसवलं आणि मी आगाऊपणानं थेट मागच्या खोलीत घुसले, काकांना आणखी चिडवायला. काका टेबलाशी होते. उजव्या मनगटाखाली वाळूची पिशवी, आणि तो हात डाव्या हातानं घट्ट धरलेला. तरी सुरी थडथडत होती. मेणातला दात कलला आणि टेबलावर पडला. काकांनी तो उचलायला बोटं नेली, तर तो सुटून लांब गेला. मग माझी चाहूल लागली त्यांना.

बाई गं, तेव्हा मला जे झालं ते काय सांगू. सात गोल कसे झाले ते तिथं उभ्या उभ्या कळलं. पाठीला पाठ लावून बसणारी मी, मला त्यांचे हात कधी दिसलेच नव्हते.

"आठ महिने झाले," काका म्हणाले. "आजार बरा होणारा नाही. काम बाहेरून करून घेतोय बरंचसं. महिनाअखेर ही खोलीही सोडायची."

मी रडायलाच लागले. "काका, मी ते आत्ता काढते. माझी जीभ झडो."

"राहू दे. अगं, बोललीस ते विनोदी होतं, मलाही हसू आलं. नंतर लागलं, ते वेगळं." मग बाजूचं स्टूल माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तुझं आधीचं एक चांगलं तेवढं राहिलंय. ते लिही, मग काढ हवं तर. पण घाई करू नकोस. खरं सुचेल तेव्हा लिही."

मी स्टुलावर बसले.

"आणि ग्रुपवर कुणाला सांगू नकोस. कळलं की लोक हळू खेळायला लागतात. बोटं अजून दोन-चार महिने चालतील म्हणतात. तेवढे सामने मला खरे खेळायचेत, कुकर. हरलो तरी चालेल. एक गोल झाला तरी तो माझा झाला पाहिजे. तू तरी हळू खेळू नकोस. नाही ना खेळणार?"

"नाही खेळणार," मी म्हटलं. अगदी डोळ्यात डोळे घालून म्हटलं.

ते तीन दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर जाळली, आईवर दोनदा खेकसले. ते एक चांगलं लिहायला दहा वेळा फोन हातात घेतला. 'काका सज्जन आहेत' लिहिलं, पुसलं. 'नियम चांगला केलात' लिहिलं, पुसलं. सगळं कसं मेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसं वाटत होतं. आणि मग या शहाण्या बाईच्या डोक्यात आलं, की लिहायचं कशाला? करूनच दाखवू ना!

रविवारी खोली गच्च भरली होती. सात गोलांचा बदला बघायला निळे झाडून आले होते. आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. पहिला गोल मी मारला, दुसराही, म्हणजे संशय नको. मग मी माझा गोलरक्षक अर्धा श्वास उशिरा हलवला. काकांचा गोल. निळे ओरडले. थोड्या वेळानं तसाच आणखी एक. आणि शेवटच्या मिनिटाला मी चक्क बटण दाबलंच नाही. तीन-दोन. निळ्यांनी काकांना खुर्चीसकट उचललं. माझ्या लोकांनी मला शिव्या घातल्या आणि मला त्या गोड लागल्या. वाटलं, फिटलं बाई माझं पाप.

काका हसत होते. सगळ्यांना धन्यवाद म्हणाले, सगळ्यांचे हात पटकन हातात घेतले आणि लगेच स्वतःचा हात खिशात घातला. लोक गेले. मी वायरी गुंडाळत होते. काका खुर्चीतच बसून होते.

"उजव्या कोपऱ्यातून आत येणारा चेंडू," ते म्हणाले, "नऊ वर्षांत तू मला एकदाही घेऊ दिला नाहीस. आज दोनदा?"

मी वायर गुंडाळतच राहिले. गुंडाळलेली सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

"तू ते कवळीचं लिहिलंस तेव्हा मला राग आला होता. पण त्या दिवशी तू मला हरवलं होतंस. आज तू मला खेळातून काढलंस."

आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. मी म्हटलं, "काका, आत्ता बसा परत. एकच सामना. तुमच्या गळ्याशपथ, दहा गोल मारते."

"आता कसा खेळू? आता तू कशीही खेळलीस तरी मला ते खरं वाटणार नाही." त्यांनी खेळायचं रिमोट दोन्ही हातांनी धरून टेबलावर ठेवलं. एका हातानं ते ठेवलं जात नव्हतं.

त्यानंतर काका दर रविवारी यायचे, पण पेशंटच्या खुर्चीत बसून बघायचे. रिमोटला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. लोकांना वाटलं, जिंकून शानमध्ये निवृत्त झाले. बोटं तर आणखी पाच महिने चालत होती. चहाचा कप ते स्वतः धरायचे, मी मोजत असायचे ना. पाच महिने म्हणजे वीस रविवार. ते वीस सामने मी खाल्ले त्या माणसाचे, आणि तेही दया म्हणून.

मग ते दुसऱ्या गावी बहिणीकडे राहायला गेले. जाताना ग्रुपची सगळी सूत्रं माझ्याकडे देऊन गेले. निळ्यांना सोडून पिवळीकडे! निळे चार दिवस धुमसत होते. मी फोन करून विचारलं, "मलाच का?" तर म्हणाले, "तुझी शिट्टी होते, पण तू खोटं बोललीस की तुला झोप येत नाही. एवढं पुरे आहे या कामाला." मला बोलायचं खूप होतं. मी "जेवलात का" विचारलं आणि ठेवून दिला.

गेल्या वर्षी बहिणीचा फोन आला. छातीत कफ भरला होता, चौथ्या दिवशी दादा गेला म्हणाल्या.

हातांच्या आजाराचं आता सगळ्यांना कळलं होतं, ग्रुपवर लोक भरभरून लिहीत होते. मी ठरवलं, आज ते एक चांगलं लिहायचंच, आणि मग ते घाणेरडं वाक्य कायमचं काढून टाकायचं. नवीन माणसं रोज येतात, त्यांनी काकांबद्दल पहिलं ते वाचू नये. मागे जात जात मी ते शोधलं. तीन वर्षं मी तिकडे बोट नेलं नव्हतं. खाली शिव्यांची ही रांग, आणि शेवटी काकांचं नाव. तारीख त्या तीन-दोनच्या रविवारची. मी सूचना बंद केल्यामुळे मला कधी दिसलंच नव्हतं. अक्षरं अर्धी चुकलेली, बोट भलत्याच जागी पडत असणार. लिहिलं होतं:

"कुकरबद्दल एक चांगलं: सात गोल मारले त्या दिवशी ही माझ्याशी मनापासून खेळली."

पुढे काही वाईट लिहिलेलं नव्हतं. नियमानं त्यांना लिहिता आलं असतं.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कपड्यांच्या ढिगावर बसून रडले. आमच्या ग्रुपवर एखादं वाक्य काढलं की त्याखालचं सगळं जातं. माझं काढलं असतं तर त्यांचंही गेलं असतं. म्हणून ते तसंच आहे. माझं एक चांगलं अजून लिहून झालेलं नाही. रोज एखादं सुचतं आणि रोज ते त्यांच्यापुढे फिकं वाटतं.

परवा एक नवा मुलगा ग्रुपवर आला, निळा. मागचं चाळता चाळता तिथं पोचला आणि कळवळून त्यानं लिहिलं, "आजारी माणसाला असं बोलणारी ही बाई कोण? हिला लाज नाही का?" आधी एक चांगलं नाही, काही नाही. जुनी माणसं लगेच धावून आली, त्याचं काढा म्हणाली, नियम आहे म्हणाली.

मी इस्त्री बाजूला ठेवली आणि लिहिलं, "माझ्याबद्दलचं मी काढत नाही."